व्हॅनचं मागचं दार

प्रिय ताई,

फोनवर तू विचारतेस, "व्हॅनला कायमचं काम मिळालं का रे?" मी ठणकावून "हो" म्हणतो. खरं काय ते इथे लिहितो, पण हे पत्र पेटीत टाकणार नाही.

आमच्या स्टँडवर रीत आहे. रिकाम्या व्हॅनचं मागचं दार उघडं ठेवायचं, माल भरलेला असेल तर बंद. तिथेच गाडीवाल्यांच्या सभेत मी एकदा पुढारी होऊन गरजलो होतो, "रिकामी गाडी ही आपली लाज नाही, काम अडवणाऱ्यांची आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पण पुढे महिनाभर माझंच दार उघडं राहिलं. लोक आत डोकावून जायचे. आज सकाळी मी ते गुपचूप लावून घेतलं.

नेमका आजच कारखान्याचा मॅनेजर आला. त्याला वर्षभर रोज माल न्यायला एक गाडी हवी होती. माझं बंद दार पाहून तो पुढच्या व्हॅनकडे गेला. त्याला हाक मारायची, तर सगळ्यांदेखत रिकामी गाडी उघडावी लागली असती.

काम मिळालेला गाडीवाला हसत आला. "नशीब माझं, पुढारी! तुमची भरलेली होती म्हणून. काय माल आहे?"

"काच," मी म्हणालो.

"मग जपून न्या हं."

आणि सगळ्यांच्या देखत, खड्डे चुकवत, मी रिकामी व्हॅन हळूहळू बाहेर काढली.

तुझा,
भाषणबाज धाकटा