लिटरला साडेअकरा

प्रिय बबडी,

तुझं घर माझ्यापासून साडेचार किलोमीटरवर आणि आपण रोज संध्याकाळी भेटतो, तरी पत्र लिहितोय. फोनवर सांगितलं असतं तर तू "बाबा, काहीतरीच तुमचं" म्हणून हसली असतीस, मीही हसलो असतो आणि विषय तिथेच संपला असता. समोर बसून सांगायला गेलो तर तुझ्या डोळ्यांत पाणी येईल आणि मी माघार घेईन. म्हणून कागद बरा. पाकिटावरची तारीख आजच्या वर्तमानपत्रात बघून घातली आहे, तेव्हा ती बरोबर आहे.

आधी एक सांगून टाकतो. मला भीती वाटते आहे. म्हातारपणाची नाही, मरणाचीही नाही, त्या दोन्हींशी माझी ओळख झाली आहे. रोज दुपारी साडेतीनला तुझ्या भिंगरीला माझ्या घराजवळच्या शाळेतून घेऊन तुझ्या घरी सोडतो ना, त्या साडेचार किलोमीटरांची भीती वाटते.

माझी पेट्रोलची वही तुला माहीत आहे. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरून किती लिटर बसलं ते बघायचं आणि भागाकार करायचा. तुझी आई म्हणायची, माझ्या ब्लडप्रेशरची एवढी नोंद ठेवली असतीत तर डॉक्टरांनी तुमचा सत्कार केला असता. कंपनीच्या पत्रकात आपली गाडी लिटरला चोवीस देते. नऊ वर्षांत तिने मला चोवीस एकदाही दिले नाहीत. गावात एकोणीस, मोकळा रस्ता मिळाला तर वीस. शेजारचे सगळे कंपनीच्या नावाने बोटं मोडतात, मी कधी मोडली नाहीत. मोडणार कोणत्या तोंडाने? ते चोवीस मीच काढले होते.

ज्या चाचणीच्या खोलीत असे आकडे काढायचो, ती तू सात वर्षांची असताना पाहिली होतीस. आठवतं? गाडीची पुढची चाकं जमिनीतल्या रोलरवर, बॉनेटसमोर माणसाएवढा पंखा, आणि काचेबाहेर पडद्यावर एक रेघ. रेघ वर चढली की वेग वाढवायचा, उतरली की कमी करायचा, दोन किलोमीटर इकडे की तिकडे झालं तर चाचणी बाद. अकरा सेकंद उभं. चार सेकंदांत पंधराचा वेग. आठ सेकंद तसंच. पाच सेकंदांत परत शून्य. मग एकवीस सेकंद उभं. असं वीस मिनिटं. एकतीस वर्षं मी ती रेघ चालवली. शेवटी शेवटी पडद्याकडे बघायचीही गरज उरली नव्हती, माझा पाय आपोआप मोजायचा. तू काचेमागे उभी राहून विचारलं होतंस, बाबा, एवढी पळून गाडी गेली कुठे? मी म्हटलं होतं, कुठेच नाही, जागच्या जागी अकरा किलोमीटर गेली. त्यावर तू खूप हसली होतीस.

आणि त्या खोलीत गाडी आणायच्या आधी तिची काय बडदास्त असायची. आदल्या दिवसापासून ठरलेल्या तापमानात उभी करायची. टायरमध्ये नियमात बसेल तितकी जास्तीत जास्त हवा. बॅटरी पूर्ण चार्ज. एसी बंद, दिवे बंद. चढ नाही, वारा नाही, खड्डा नाही, मध्येच आडवं येणारं कुत्रं नाही. त्यात खोटं काही नव्हतं गं, सगळं नियमाला धरून होतं. फक्त तशी गाडी जगात कोणी चालवत नाही. म्हणून तर मी माझ्यासाठी वही ठेवायचो. खोलीतला आकडा विकायला असतो, रस्त्यावरचा आकडा जगायला, असं मी नव्या पोरांना ऐटीत सांगायचो.

गेल्या थंडीपासून वही बिघडली. आधी सतरा. मग पावणेसोळा. मग चौदा. मी म्हटलं, गाडीचंही वय झालं. फिटरकडे नेली. तोच तो, माझ्या हाताखाली शिकलेला आणि आता स्वतःचं गॅरेज काढलेला. त्याने प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, चाकं उचलून ब्रेक घासतोय का ते बघितलं. पुढच्या खेपेला साडेअकरा. मी त्याला नाही नाही ते बोललो. त्याने आठवडाभर गाडी स्वतःकडे ठेवून घेतली, माझ्याच रस्त्याने, माझ्याच वेळेला चालवली आणि माझ्याच वहीत त्याच्या अक्षरात आकडा लिहून परत आणली. एकोणीसला थोडं कमी. हात पुसायचं फडकं तो फार वेळ हातात फिरवत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, गाडीत काही नाही." आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं आपण लोकांना हसून म्हणतो. म्हैस आपणच आहोत हे कळतं तेव्हा हसू येत नाही. माझी पाचावर धारण बसली. घरी येऊन अंगणाचं फाटक लावलं आणि बराच वेळ फाटकाची कडी धरून उभा राहिलो.

तू म्हणशील, पण डॉक्टरांचा स्मरणशक्तीचा रिपोर्ट आहे ना. आहे. तीसपैकी अठ्ठावीस. तू तो फ्रिजच्या दारावर चिकटवलास आणि तुझ्या औषधांच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही सांगत सुटलीस की माझे बाबा माझ्याहून तल्लख आहेत. एकच गोष्ट दोनदा विचारतो म्हणून तूच मला तिकडे नेलं होतंस, आणि बाहेर पडताना तुझा चेहरा इतका हलका झाला होता की माझ्याच्याने खरं सांगवलं नाही. आज सांगतो. मी परीक्षेसाठी गाडी तयार करतात तसा स्वतःला तयार करून गेलो होतो. आठवडाभर रोज घड्याळाची चित्रं काढली, अकरा वाजून दहा मिनिटं, कारण तेच काढायला लावतात हे चौकशी करून ठेवलं होतं. शंभरातून सात वजा करत उलटं जायचं पाठ केलं. आदल्या दिवशी दुपारपासून लोळून विश्रांती घेतली. सकाळची वेळ मागून घेतली, कारण सकाळी माझं डोकं चालतं. बाहेरच्या बाकावर बसून भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तारीख आणि वार मनात घोटले. तुला वाटलं बाबा शांत बसलेत. मी टायरमध्ये हवा भरत होतो, बबडी. नियमाबाहेर काहीच केलं नाही. डॉक्टर भले माणूस, त्यांची चूक नाही. त्यांच्या खोलीतही चढ नव्हता, वारा नव्हता, कुत्रं नव्हतं.

आता रस्त्यावरचं ऐक. पेट्रोल कुठे जात होतं ते मला शोधायचंच होतं, म्हणून मी डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवली, निघालो की वेळ लिहायची आणि पोहोचलो की वेळ लिहायची. एके दिवशी बाजारात जायला दोन तास पाच मिनिटं. बाजार सात मिनिटांवर आहे. मधल्या वेळाचं मला काही आठवेना. दोन दिवसांनी भानावर आलो तो आमच्या जुन्या कचेरीच्या फाटकासमोर, इंजिन चालू, पाय क्लचवर. पहारेकरी काचेवर टकटक करत होता. म्हणाला, "साहेब, आज पण सुट्टी आहे." मी विचारलं, आज पण म्हणजे? तो बिचारा ओशाळला. गेल्या महिन्यात मी पाच-सहा वेळा तिथे येऊन, गाडी चालू ठेवून, फाटक उघडायची वाट बघत बसलो होतो म्हणे. एकदा तर हॅन्डब्रेक ओढलेला तसाच ठेवून गाडी काढली आणि ब्रेकचा लायनर जळाल्याचा वास त्याला आला. उभी गाडी आणि चालू इंजिन, म्हणजे लिटरला शून्य. माझा भागाकार चुकत नव्हता. गाडीही चुकत नव्हती.

तेव्हाच किल्ली तुझ्या हातात द्यायला हवी होती. दिली नाही. तुझा नवरा सहा-सहा महिने जहाजावर, तुझं दुकान सातपर्यंत, आणि भिंगरीला आणायला दुसरं कोण आहे, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण तेवढंच नव्हतं. दिवसभरात ती अर्ध्या तासासाठी मागच्या सीटवर बसून वर्गातल्या चहाड्या सांगते, त्यासाठी मी सकाळी उठतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी मूठ झाकून बसलो.

मंगळवारी तिला घेऊन निघालो. कालव्याकाठच्या सरळ रस्त्याला लागलो आणि ती म्हणाली, आजोबा, मोजायचं? मीच तिला कधीतरी गंमत म्हणून शिकवलेलं, अकरा सेकंद उभं, चार सेकंदांत पंधरा. ती मोठ्याने मोजायला लागली. आणि माझा पाय, बबडी, माझा पाय तिचं ऐकायला लागला. मी रस्त्याच्या मधोमध थांबलो, निघालो, थांबलो, एकवीस सेकंद उभा राहिलो, निघालो. मागचे हॉर्न वाजवत होते ते मला पंख्यासारखे वाटले. समोर रेघ दिसत होती. खोटं नाही सांगत, दिसत होती. चार आवर्तनं झाली की वेग वाढवत सत्तरपर्यंत न्यायचा असतो. मी न्यायला लागलो. पन्नास, पंचावन्न. पुढे पांढऱ्या पट्ट्यांवरून एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. मी तिला पाहिलं. हेच मला कोणाला सांगता येत नाहीये. मला ती दिसली नाही असं झालं नाही. मी तिला स्वच्छ पाहिलं, तिची निळी ओढणी पाहिली, आणि मला वाटलं, ती काचेपलीकडे आहे. खोलीत पंख्यामागे फक्त भिंत असते आणि गाडी भिंतीपर्यंत कधी पोहोचत नाही. गाडी कुठेच जात नाही. जागच्या जागी अकरा किलोमीटर.

भिंगरी मोजायची थांबली. ती ओरडली नाही, नुसती गप्प झाली. एकतीस वर्षांत त्या खोलीत माझा आकडा कधी मध्येच थांबला नव्हता, म्हणून मी दचकलो आणि ब्रेक मारला. बाबागाडी आणि बंपर यांच्यात दोन हातांचं अंतर राहिलं. ती बाई मला शिव्या देईल असं वाटलं, पण तिने फक्त माझ्याकडे पाहिलं आणि बाबागाडीवर वाकून उभी राहिली. मागे वळून बघितलं तर भिंगरी कपाळ धरून बसली होती. पुढच्या सीटवर आपटली होती. पट्टा मी लावायला विसरलो होतो.

तेच ते टेंगूळ. झोपाळ्यावरून पडली असं मी तुला सांगितलं आणि तू तिला रागावलीस, झोपाळा एवढ्या जोरात घ्यायचा नाही म्हणून. ती माझ्याकडे बघत उभी राहिली आणि एक शब्द बोलली नाही. कारण गाडीतून उतरताना मी तिला हात जोडून म्हटलं होतं, हे आपलं गुपित. सहा वर्षांची पोर तीन दिवस ते गुपित आणि ती बोलणी दोन्ही सांभाळते आहे. बुधवारपासून मी पोट बिघडल्याचं निमित्त करून गाडी काढली नाही, पण काल सकाळी उठलो तर मला मंगळवारचं काही आठवत नव्हतं. काहीही नाही. शाळेची वेळ झाली म्हणून किल्ली घेऊन निघालोही होतो. डॅशबोर्डवरच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "बाई, बाबागाडी, भिंगरी, थांब." ते वाचून पुन्हा सगळं आठवलं. चिठ्ठी उडून गेली असती तर काल दुपारी ती पुन्हा माझ्या मागच्या सीटवर असती.

म्हणून आज डोकं जागेवर असताना हे लिहिलं. फिटर गाडी चालवत तुझ्या दारात आणून लावेल आणि हे पाकीट तुझ्या हातात देईल. गाडीची किल्लीही तोच देईल, दुसरी या पाकिटात आहे. ती तुझ्या आईच्या शिवणाच्या डब्यात सापडली, कोणापासून लपवली होती देव जाणे. दोन्ही मला परत देऊ नकोस. मी मागायला येईन. बहुतेक सकाळी येईन, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, वही काखेत मारून, आणि फार मुद्देसूद बोलेन. फ्रिजवरचा रिपोर्ट दाखवेन, चिडेन, तुझ्या आईचं नाव घेऊन तुला रडवेन. तुझ्या बैठकीच्या खोलीत मी तुला चोवीस देईन, बबडी, एकही कमी नाही. तेव्हा माझ्याशी वाद घालू नकोस, हे पत्र माझ्या हातात दे आणि माझं अक्षर मला वाचू दे. आणि त्याआधी, आज संध्याकाळीच, भिंगरीला जवळ घेऊन सांग की गुपित आजोबांनी स्वतःच फोडलं, झोपाळ्याचा काही दोष नव्हता आणि तिचाही नव्हता. ती मोजायची थांबली म्हणून सगळे वाचले, हेही सांग. मी सांगेन म्हणत होतो, पण तोवर मला आठवेल याची खात्री नाही.

तुझाच,
बाबा