रुसैलच्या खोलीतला शाकाहारी

उदगीर,
५ जानेवारी २०२५

चि. रचनास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू घाईत गिळतेस, म्हणून हे पत्र. शेजारची सुगंधा याचा फोटो काढून तुला पाठवते आहे.

तुझ्या भावाचं काही खरं दिसत नाही. तिकडे मस्कतला रुसैलच्या कारखान्यात लागून अजून वर्ष झालं नाही, तर म्हणतो, राजीनामा देऊन परत येतो. का, तर तिथलं जेवण जात नाही. फोटोत गालफडं बसलेली दिसतात. इथे आला तर पुन्हा दारोदार अर्ज घेऊन फिरणं आलं. माझ्या जिवाला घोर लागला आहे.

त्याला शुक्रवारी तुझ्या घरी माबेल्याला बोलाव आणि मोठ्या जनावराचा रस्सा कर. महागाचं मटण नको, जावयांच्या खिशाला उगाच कात्री. नळी आणि मानेचं आण, चव हाडातच असते. बटाटे, गाजरं सढळ हातानं घाल आणि भाजल्या धान्याचं येसर लावून रस्सा दाट कर, म्हणजे थोड्या मटणात सगळ्यांची पोटं भरतात. कुकरच्या शिट्ट्या मारून मोकळी होऊ नकोस, मंद आचेवर ठेव.

भावावर तुझी माया आहेच, आता ती ताटातही दिसू दे.

तुझी आई,
अनुसया


माबेला, मस्कत,
१२ जानेवारी २०२५

ति. आईस,
सा. जयभीम वि. वि.

तुझ्या लेकाला जेवू घातलं. कसायानं नळ्या स्वस्तात दिल्या. मोठं पातेलं मात्र शेजारच्या सफूराभाभींकडून आणावं लागलं. त्या रत्नागिरीच्या. येसर बघून म्हणाल्या, एवढ्या चांगल्या गोश्तात माती का कालवतेस? मग वाटीभर रस्सा नेला आणि तासाभरात येसर मागायला आल्या. धम्मदीपनं तर ताट पुसून खाल्लं. त्याला भूक नाही, असं कोण म्हणेल?

खरी गोष्ट पुढेच आहे. खोलीतल्या मुलांसाठी मी डबा भरायला घेतला, तर हा एकदम मागे सरला. आई, यानं पहिल्याच दिवशी तिथे सगळ्यांना सांगून टाकलं आहे की मी शाकाहारी आहे. कुणीतरी विचारलं आणि तोंडातून तेच निघालं म्हणे. तेव्हापासून मेसमधली पाणचट डाळ खाऊन राहतो. रमण नावाचा केरळचा मुलगा त्याच्यासाठी रोज वेगळी भाजी काढून ठेवतो, म्हणून तर आता खरं सांगायची आणखीच लाज.

मी खूप चिडले. म्हटलं, हे ओमान आहे, इथे कोण विचारतं? तो म्हणाला, पुण्यातही असंच वाटलं होतं. आईचा डबा उघडला, वास गेला आणि घरमालकानं संध्याकाळी माझी बॅग रस्त्यावर ठेवली. इथे खोलीतली मुलं तुटली तर राहायचं कुणाबरोबर? राजीनामा लिहून तयार आहे, महिनाअखेरीला देणार. डबा इथेच ठेवून गेला.

तूच त्याला लिही. तब्येतीला जप आणि मला रागवायचं सोडू नकोस.

तुझी,
रचना


उदगीर,
१६ जानेवारी २०२५

चि. धम्मदीपास,
अनेक आशीर्वाद.

ताईनं सगळं कळवलं. तिच्यावर रागावू नकोस.

काय शिजतंय असं कुणी विचारलं की आपल्या आळीतल्या बाया वांगं सांगायच्या. का, ते तुला ठाऊक आहे. पण आत जाऊन त्या निदान रस्सा तरी खायच्या. तू वांगंही सांगतोस आणि उपाशीही राहतोस, हे कुठलं शहाणपण?

यायचं असेल तर ये, घर तुझंच आहे. पण आधी त्या रमणला खरं सांगून बघ. जो पोरगा रोज तुझ्यासाठी भाजी राखतो, त्याला एवढा हक्क आहे. त्यानं तोंड फिरवलं तर खुशाल राजीनामा दे, मी एका शब्दानं बोलणार नाही.

पोटभर जेव. बाकी आशीर्वाद आहेतच.

तुझी आई


रुसैल,
२५ जानेवारी २०२५

ति. आईस,
सविनय जयभीम.

काल ताईकडून डबा आणला आणि खोलीत सगळ्यांच्या मध्ये ठेवला. सांगितलं की हे बीफ आहे, माझ्या बहिणीनं केलंय, आमच्या घरी हेच खातात आणि मी शाकाहारी नाही. आणि डब्याचं झाकण उघडलं.

मग रमणनं कपाळावर हात मारला आणि हसायला लागला. आई, ही सगळी मुलं बीफ खाणारी! मी आल्यापासून दर शुक्रवारी डबे घेऊन मागच्या जिन्यात जाऊन बसायची, जूनच्या उन्हाळ्यातसुद्धा. मला वासाचा त्रास नको म्हणून. वर साबणानं हात धुऊन खोलीत यायची. आणि मी आत पडून समजत होतो की मी त्यांना नकोसा आहे. मला रडूच आलं. रमणनं मला दोन शिव्या दिल्या आणि पहिली नळी माझ्याच ताटात घातली.

रस्सा सगळ्यांना पुरला. राजीनामा मी फाडून टाकला. पुढच्या शुक्रवारी मी शिजवणार आहे, येसर किती घालायचं ते कळव. हा रस्सा कुणाच्या हातचा, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पद्धत माझ्या आईची, तिचं नाव अनुसया. असं मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. काल सांगितलं, आणि आवाज खाली केला नाही.

तुझा लोभ माझ्यावर आहेच, थोडा रमणवरही असू दे.

तुझा,
धम्मदीप