प्रेमला काय म्हणाली

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

आज फायबर बसवलं. प्रेमलाला जाऊन पाच दिवस झाले आणि घरात वेगवान इंटरनेट आलं! मुलगा, बुद्धभूषण, म्हणतो, रजा संपेपर्यंत घरूनच काम उरकतो, जुनं कनेक्शन फार रडत होतं. या घरात रडत होतं ते तेवढंच.

बसवणारा म्हणाला, "काका, आता मनात आणायच्या आत सगळं उघडेल." उघडेल ना. मनात आणणार कोण?

७ नोव्हेंबर

संध्याकाळी नातेवाईक आले. बुद्धवंदना घेतली. पन्नाशीची माणसं, लहानपणापासून म्हणत आलेली — आणि पुढ्यात मोबाईल लावला! सगळे त्याच्या मागोमाग. मध्येच जाहिरात लागली. बनियनची. पुढची ओळ कोणालाच येईना. जाहिरात संपेपर्यंत हात जोडून बसले. प्रेमलाने एकटीने शेवटपर्यंत नेली असती.

मला येते. पण चारचौघांत तोंड उघडायची सवय नाही. गप्प बसलो.

८ नोव्हेंबर, शनिवार

सोळा तारखेला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. बुद्धभूषण आईबद्दल बोलणार. मजकूर दाखवला. 'त्यागमूर्ती', 'वात्सल्याचा झरा'. कोणी लिहिलं? "एआयने, बाबा. चार सेकंदांत." पंचेचाळीस वर्षांचा संसार, चार सेकंदांत निकाली! प्रेमलाने वाचलं असतं तर म्हणाली असती, "कोण हो ही बाई?"

म्हटलं, तिचं स्वतःचं एखादं वाक्य घाल. "असं एकदम नाही आठवत." याला सगळं एकदम लागतं.

मग जे इतके दिवस मनात आहे ते विचारलं. तीस तारखेला दुपारी हॉस्पिटलात ती काय म्हणाली? चारच्या सुमारास काहीतरी बोलली, असं नातीने, मैत्रीने, त्याच रात्री सांगितलं होतं. संध्याकाळी धाप लागली, अतिदक्षता विभागात नेलं, नळी घातली. पुढे शब्द नाही. म्हणजे दुपारचं तेच शेवटचं. मी नेमका औषधं आणायला खाली गेलो होतो.

"मी बाहेर पॅसेजमध्ये कॉलवर होतो, बाबा. मैत्रीने ऐकलं असेल बहुतेक."

बहुतेक! आईचे शेवटचे शब्द — बहुतेक.

९ नोव्हेंबर

मैत्रीला विचारलं. सतरा वर्षांची झाली. आजीच्या पायाशी बसली होती. "आजोबा, माझ्या कानात इअरफोन होते. ओठ हलताना दिसले फक्त. आणि तुम्ही पण —" रडायला लागली. मी समजूत घातली नाही. घालायला हवी होती.

आजीचे त्या आठवड्यातले एकवीस फोटो आहेत तिच्याकडे. शब्द एकही नाही.

११ नोव्हेंबर

घरात सहा स्क्रीन. कान एकही नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मथुराबाई कशी आठवली नाही! प्रेमलाच्या शेजारच्या कॉटवर हिची बहीण होती. मांजरी गावची, सत्तरीची बाई. बटणांचा फोन, तोही पिशवीत बंद. दिवसभर प्रेमलाशी गप्पा. हिच्या डोक्यात इंटरनेट शिरलेलं नाही, म्हणजे आत काही शिल्लक असणार.

घराची खूण गप्पांत आली होती — पिठाच्या गिरणीमागे. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं दप्तर सांभाळलं. कोणती फाइल कोणत्या कपाटात ते जागेवरून सांगायचो. मला एवढी खूण पुरे. बुद्धभूषण म्हणाला, "थांबा, लोकेशन शोधून पाठवतो." म्हटलं, ठेव तुझ्याजवळच.

१३ नोव्हेंबर

स्वारगेट, हडपसर, मग मांजरी. दोन ठिकाणी विचारलं, घर सापडलं.

"अवो, धायरीचं पावनं! बाई कशी हाय?"

सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला. मग बोलायला लागली. प्रेमलाने इडली कोणत्या दिवशी परत पाठवली, नर्सला काय बोलली, सगळं जसंच्या तसं. मी तीस तारखेचं काढलं. "तारीक मला ठाव न्हाय. भनीला घरी सोडतो म्हनले नि सोडलं न्हाय, त्या दिशीचं इचारताय?" बरोबर, तोच दिवस! अशी डोकी आता राहिली नाहीत.

मग म्हटलं, त्या दुपारी ती काय म्हणाली?

बाई माझ्याकडे बघतच राहिली. "मला काय इचारताय? तुमालाच म्हनली की! दोन डाव हाक मारली — अवो, अवो. मंग म्हनली, इतकं काय बगताय त्यात? तुमी निस्तं हूं केलं. मंग ती भिताडाकडं वळली."

मी म्हटलं, मी तेव्हा औषधं आणायला गेलो होतो.

"ती सकाळच्याला आनली. दुपारी तुमी तितंच, स्टुलावर. मोबाईल घिऊन."

चहा ठेवते म्हणत होती. थांबलो नाही. सत्तरी उलटली की घोळ व्हायचाच! दुसऱ्याच कोणाच्या नवऱ्याचं सांगत असेल. उगाच अर्धा दिवस वाया गेला.

१४ नोव्हेंबर

मोबाईलवर आपण काय काय शोधलं त्याची नोंद राहते म्हणे. मैत्रीने माझ्या मोबाईलवर कुठे ते दाखवलं आणि बाहेर गेली.

तीस ऑक्टोबर. चार वाजून सहा मिनिटांपासून चार एकोणचाळीसपर्यंत. प्रेमलाच्या रिपोर्टमधला एक शब्द, आणि पुढे 'बरा होतो का'. अकरा वेळा.

उत्तर काय आलं होतं, आठवत नाही.