राखीव माफी

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा माफी आधी, आरोप नंतर. आमच्या चॅनेलच्या कोचचा शर्ट तोच, दिवा तोच, खुर्चीही तीच. ही वकीलबाईंची पद्धत. प्रत्येक भागाबरोबर त्याची माफीसुद्धा रेकॉर्ड करून ठेवायची. प्रकरण अंगाशी आलं की ऐन वेळी कोचचा चेहरा माफीसारखा होत नाही, म्हणून. व्हिडिओ कापणारी आमची मुलगी — तिला सगळे कात्रीच म्हणतात — त्या फोल्डरला प्रथमोपचार पेटी म्हणते. "आधी मलम, मग जखम!"

आजवर एकोणीस माफ्या झाल्या. एकही वापरलेली नाही. सगळ्या मी लिहिलेल्या. वर्तमानपत्रात असताना आम्ही जिवंत माणसांचे मृत्युलेख तयार ठेवायचो, त्यातलाच हा प्रकार — असं मी स्वतःला सांगते.

५ फेब्रुवारी, बुधवार

तीन वर्षांपूर्वी हा माणूस गॅरेजवरच्या एका खोलीतून 'घरबसल्या दुकान उघडा' असं फोनवर शिकवायचा, म्हणून नाव कोच. शिकणाऱ्यांची दुकानं उघडली नाहीत, त्याचं उघडलं. मग पाणी शुद्ध करायचं यंत्र काढलं. ते खपेना. एकदा चिडून पाणी खात्याच्या नावाने दहा मिनिटं बोलला — बारा लाख लोकांनी पाहिलं! तेव्हापासून यंत्र कोपऱ्यात आणि राग टेबलावर. आता त्याला राजकीय विश्लेषक म्हणतात. पक्षाची माणसं बाहेरच्या सोफ्यावर ताटकळत बसतात.

आज मला आत बोलावलं. "ताई, तुमचे बंधू पाण्याच्या प्रयोगशाळेत ना? कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ठेवतात, तेच ना?"

हे मीच सांगितलं होतं. डिसेंबरात, डबा खाता खाता, हसत. दादा सोमवारी पहाटेच नमुने घ्यायला बाहेर पडतो. हाताखालच्या लोकांचं काम अडू नये म्हणून रविवारी जेवणाच्या टेबलावर बसून गठ्ठाभर कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ठेवतो. आकडे ते भरतात, आणि संध्याकाळी दादा एकेक पडताळतो. "माझी माणसं आहेत, खोटं लिहिणार नाहीत." माझा दादा किती भोळा, हे सांगायला म्हणून सांगितलं होतं मी ते. तोंडाला कुलूप नाही माझ्या!

६ फेब्रुवारी, गुरुवार

दादावर भाग लिहायला मी नाही म्हणाले. तीनदा म्हणाले.

"काही हरकत नाही," कोच म्हणाला. "मी मनाने बोलतो. मी मनाने बोलायला लागलो की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे."

माहीत आहे. म्हणून लिहिलं. मी लिहिलं तर निदान नाव येणार नाही. निदान घराचा पत्ता येणार नाही. दहाला हवं होतं, पावणेदहाला दिलं. बावीस वर्षं डेस्कवर काढली, एकदाही वेळ चुकवली नाही. आज चुकवायला हवी होती.

माफी मात्र जीव ओतून लिहिली. डेस्कचा नियम पाळला — खुलासा करताना जे खरं होतं तेही सांगायचं, काही झाकायचं नाही. "फॉर्मवर आधी सह्या झाल्या, हे खरं. पण आकड्यांत थेंबभरही खोट नव्हती. अशा माणसाला मी चोर ठरवलं. मी चुकलो." कोचने एका दमात वाचली. डोळे भरले त्याचे. "ताई, काय लिहिता हो!" आणि लगेच आरसा मागितला.

१० फेब्रुवारी, सोमवार

भाग गेला. नाव घेतलं नव्हतं. लोकांनी चार तासांत शोधून काढलं.

वहिनीचा फोन. "वन्सं, दारात कुणीतरी गढूळ पाण्याची बाटली ठेवून गेलंय. वर चिठ्ठी — 'पी आता.' तुमच्या ऑफिसातलाच ना हा माणूस? सांगा की त्याला काहीतरी!" घरी मी सांगून ठेवलंय की मी तिथे यंत्राच्या जाहिराती लिहिते.

मग दादा आला फोनवर. "काय बातमीबाई, तू छापत राहिलीस आणि गाजलो मी!" हसला. मी कशीबशी हसले. खात्याने विचारणा केलीय, म्हणाला. पण कागदावर काही नाही, कोणी साक्षीला नाही, नुसती आवई. निवृत्तीला आठ महिने उरलेत, निभावेल.

फोन ठेवता ठेवता म्हणाला, "पण त्याला कळलं कुठून गं?"

"काय माहीत," मी म्हणाले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कोचला म्हटलं, आता ती माफी चढवा. झालं ना तुमचं काम!

"आत्ता? गाडी घाट चढतेय आणि ब्रेक दाबू?" तीस लाखांवर गेलाय भाग. दोन वाहिन्यांनी चर्चेला बोलावलंय. वकीलबाई म्हणाल्या, नोटीस आल्याशिवाय पेटी उघडायची नाही, असं ठरलंय.

दादा कसली नोटीस पाठवतोय! त्याने आयुष्यात शेजाऱ्यालाही कधी दम दिला नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दादाच्या खिडकीची काच फोडली. वहिनी खोलीतच होती.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जाऊन आले. काचेच्या जागी पुठ्ठा लावलाय. दादा स्वयंपाकघरात नळापाशी उभा होता. पेला भरला, उजेडात धरला, ओतून दिला. पुन्हा भरला.

"चार दिवस हेच चाललंय," वहिनी हळूच म्हणाली. "तीस वर्षं गावाचं पाणी तपासलं त्यांनी. आता स्वतः एक घोट घेत नाहीत. वन्सं, तुम्हीच काहीतरी करा. तुमचं ऐकतो का हो तो?"

माझं ऐकतो! माझंच तर वाचतो शब्द न् शब्द.

चॅनेलचा पासवर्ड माझ्याकडे आहे. मथळे मीच चढवते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

केलं!

दुपारी सगळे पक्षाच्या सभेला गेले. कात्री तेवढी होती. माझ्या पडद्यावर कुठला फोल्डर उघडलाय, तिने पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "मी खाली चहाला जाते," म्हणाली. "वीस मिनिटं लागतील मला." चहाची टपरी दारातच आहे.

माफी चढवली. फोन बंद केला. पाठ दुखत होती, ती थांबली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सामान भरायला पिशवी घेऊन गेले होते. कोचने दोन्ही हात धरले! "ताई, नव्वद लाख! 'चूक कबूल करणारा पहिलाच माणूस' म्हणतायत. मला का नाही सुचलं?" संध्याकाळी पक्षाने त्याची उमेदवारी जाहीर केली. व्यासपीठावर माफीचा व्हिडिओ लावला. बाया डोळे पुसत होत्या.

पुसू देत. जिंकू दे त्याला. दादा सुटला, मला बास आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दादा निलंबित.

मोठ्या साहेबांनी त्याला समोर बसवून सांगितलं म्हणे — "शत्रू बोलत होता तोवर आम्ही कानाडोळा केला. पण माफी मागणारा कशाला खोटं बोलेल? तोच म्हणतोय, सह्या आधी झाल्या, हे खरं." मग त्यांनी दादाला थेट विचारलं. आणि दादा नाही म्हणू शकला नाही.

हे खरं. दोन शब्द. माझे. आरोपाने जे झालं नाही, ते माझ्या माफीने केलं. ते वाक्य गाळलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण नाही! डेस्कचा नियम!

१९ फेब्रुवारी, बुधवार

राजीनामा दिला. कोच म्हणाला, "मतदानापर्यंत थांबा ना." तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दादाकडे सांगायला गेले. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत. परत आले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दोनदा. शिंप्याने विचारलं, "बाई, काही शिवायचंय का?"

लिहून पाठवावं म्हटलं. बसले. दुसऱ्यांच्या वतीने वीस माफ्या लिहिल्या, आणि आता 'दादा' या शब्दापुढे हात सरकत नाही. काहीही लिहिलं तरी ते कोचने वाचल्यासारखं वाटतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बेल वाजली. दादाच आला होता. पाणी दिलं. सगळं प्यायला.

"खात्याला खुलासा द्यायचाय, उद्या अकरापर्यंत. मला कुठे जमतं असलं? तू लिही."

"दादा, आधी मला काहीतरी सांगायचंय—"

"आमच्या गॅलरीतून शिंप्याचं दुकान दिसतं गं," तो म्हणाला. चपला पायात सरकवल्या. "जे खरं ते लिही. तुझी ती सवय मोडू नकोस."

पाकीट ठेवून गेला. आत एकच कागद. पूर्ण कोरा. तळाशी त्याची सही.