पोखऱ्याच्या तीन सीटा

बाबा, परवा मी पोखऱ्याच्या एका हॉटेलात फोन करून विचारलं, रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती आहेत. तो माणूस हसला आणि थोड्याच आहेत म्हणाला. थोड्या म्हणजे किती, असं विचारल्यावर तो फोन हातात धरूनच चढून गेला आणि धापा टाकत म्हणाला, सतरा. मी सतरा लिहून घेतलं. आईला घेऊन नेपाळमध्ये आठ दिवस कसे काढायचे याचा तक्ता मी लॅपटॉपवर केला आहे: कुठल्या दिवशी किती तास गाडीत बसायचं, कुठे किती चढ, पहाटे किती थंडी. माझं कामच तसं आहे. जिल्हाभरच्या जिनिंगचे आणि मार्केट यार्डांचे वजनकाटे तपासत मी फिरते. कापसाची गाडी काट्यावर चढण्याआधी काटा बरोबर आहे की नाही ते मी सांगते. तुम्ही गेलात तेव्हा माझा डिप्लोमाही पुरा झाला नव्हता, म्हणून हे सांगावं लागतं. तर तक्ता तयार आहे, आणि आई यायला तयार नाही.

मागच्या रविवारी मी यवतमाळहून दारव्ह्याला घरी गेले होते. आई स्वयंपाकघरात खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिला फोनवर डोंगरांचे फोटो दाखवले. तिने चष्मा न लावताच पाहिले. "मले नाही याचं," म्हणाली, "तू जाय तुह्या मैत्रिणीसंगं." मी म्हटलं, खालच्या मजल्यावरची खोली मिळेल, पायऱ्या नकोत तर. "खोलीचं नाही सांगून राह्यली मी. तुह्ये बाबा जिंदगीत एक डाव कुठं जातो म्हणले, ते माह्या गुडघ्यापायी राह्यले. आता ते नाही, तं मी जाऊन पहाड पाहू? कोणत्या तोंडानं?" मग तिने गुडघ्यावर चापट मारली. गुडघ्याबद्दल ती घरातल्या एखाद्या नालायक माणसाबद्दल बोलावं तशी बोलते. "यानं नाही जाऊ देल्लं त्याहीले." नऊ वर्षं हेच चालू आहे. पाहुणे आले की सांगते, तुमच्या फोटोपुढे मेणबत्ती लावतानाही सांगते. ते खरं नाही, हे या घरात फक्त मला माहीत आहे.

त्या वर्षी विहारातल्या मंडळींनी डिसेंबरसाठी बस ठरवली होती. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी आणि तिथून वर काठमांडू, पोखरा. तुम्ही जेवायला बसला आहात, ताट पुढे तसंच आहे आणि तुम्ही बोटाने जमिनीवर वळणं काढून दाखवता आहात. बावीस वर्षं दारव्हा-यवतमाळ जीप चालवून तुम्हाला खरा घाट म्हणून माहीत नव्हता. ट्रकवाल्यांना विचारून तुम्ही सगळं पाठ केलं होतं. "चढत्या गाडीले पयला मान असते तिथं. उतरणाऱ्यानं थांबाचं." मग म्हणालात, "आपुन ड्रायव्हरच्या मांगची खिडकी घेऊ. पाहू तं खरं, कसा काढते तो." आई म्हणाली, "तिथंही गाडीच पाहान का? मंग पहाड कव्हा पाहान?" "पहाड काय पळून जाते काय वो?" तुम्ही म्हणालात, आणि आईला हसता हसता ठसका लागला. तोवर तुम्ही तीन सीटांसाठी नावं देऊन आला होतात, आणि तिबेटी लोकांच्या बाजारातून तीन कानटोप्याही आणल्या होत्या. मला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे तुमच्या डोक्यातच आलं नसणार.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर येऊन तुम्हाला एकट्यालाच सांगितलं की त्या पंधरवड्यात माझी प्रॅक्टिकल आहेत. तुम्ही काच पुसत होतात. फडका पिळला आणि म्हणालात, "बरं. परीच्छा पयली." बस, एवढंच. मला वाटलं तुम्ही दोघं जाल. असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले, की मला तसं वाटलं होतं. पण मी त्या स्टँडवर वाढलेली मुलगी आहे. अकरा वर्षांची असताना मी सीटा भरायला मदत करत होते. पाच जणांचं एक घर आलं आणि गाडीत जागा चारच होत्या. मी चौघांना चढवलं आणि म्हातारीला म्हटलं, आजी, तू मागच्या गाडीने ये. तुम्ही इंजिन बंद केलंत. चौघांनाही उतरवून पाचही जणांना मागच्या गाडीत बसवलंत आणि चार सीटा रिकाम्या ठेवून निघालात. वाटेत मला म्हणालात, "मानसं मोजाची नाही पोरी, घर मोजाचं. घर फोडून गाडी नाही भरत आपुन." सगळ्या स्टँडचा तो नियम होता. माझा नकार तुमच्यापर्यंत आला, म्हणजे तिन्ही सीटा गेल्या. हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. बहुतेक कळलंही होतं.

प्रॅक्टिकल नव्हती. ती आठ दिवस आधीच संपली होती. मला त्या बसमध्ये बसायचं नव्हतं. रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवून भात शिजवणाऱ्या काकू, माझ्या लग्नाच्या चौकशा, धर्मशाळेत ओळीने पसरलेल्या सतरंज्या, आणि त्या सगळ्यांना दिवसातून दहा वेळा "माही पोरगी इंजिनेर होऊन राह्यली" असं सांगणारे तुम्ही. एवढंच कारण होतं. खोटं टिकवायला मी तो पंधरवडा रोज सकाळी यवतमाळला गेले आणि मैत्रिणीच्या खोलीवर चार वाजेपर्यंत नुसती बसून राहिले. बस विहारापासून निघाली त्या दिवशीही. तुम्ही घरी आईला सांगितलं होतं की तुझ्या गुडघ्याला तिथल्या पायऱ्या झेपायच्या नाहीत, मंडळींनाही तेच सांगितलं होतं. आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. मला वाटलं, माझी परीक्षा तुम्हाला खरी वाटली आणि मला अपराधी वाटू नये म्हणून तुम्ही गुडघा पुढे केला.

पुढच्या उन्हाळ्यात, गाडी नंबरला लागलेली असताना, तुम्ही स्टँडवरच आम्हाला सोडून गेलात. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी कॉलेजातले आमच्या विभागाचे सर आले होते. ते रोज तुमच्याच गाडीने जायचे, पुढच्या सीटवर. सांत्वन म्हणून सांगावं तसं ते म्हणाले, तुझ्या बाबांचं तुझ्या अभ्यासाकडे फार लक्ष होतं. डिसेंबरमध्ये मला विचारत होते, प्रॅक्टिकल कधी आहेत, मी म्हटलं, अहो, संपली की. मी मान हलवली आणि पाहुण्यांना पाणी द्यायला गेले.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तरी संध्याकाळी मी तुमच्याच गाडीत चढायचे आणि तुम्ही आरशातून विचारायचात, "कसं गेलं?" आणि मी म्हणायचे, बरं गेलं.

काल मी पुन्हा दारव्ह्याला गेले. वाटभर वाक्य जुळवलं होतं, त्यातला एकही शब्द जास्तीचा नव्हता. शेंगा सोलणाऱ्या आईसमोर बसले आणि म्हटलं, "आई, बाबा तुझ्या गुडघ्यासाठी नाही राहिले. माझ्यासाठी राहिले." तिचे हात थांबले. "तुह्यासाठी? कायले?" आणि मी म्हटलं, "माझी प्रॅक्टिकल होती."

तिने हातातली शेंग ताटात टाकली. "मंग सांगाचं नाही काय त्याहीनं? नऊ वर्सं शिव्या देल्ल्या म्या या गुडघ्याले." आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावला. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "परीच्छा होती तं तू तरी काय करशीन माय." निघताना विचारलं, तिथं दोन स्वेटर लागतील का. मी सांगितलं, एक पुरेल, पहाटेसाठी शाल घे. आज सकाळी तिकिटं काढली.

तर आई पहाड पाहील, बाबा. आणि पाहताना तुमच्यावर थोडी रागावेल, बायकोला उगाच दोषी ठरवलं म्हणून. माझ्यासाठी तुम्ही जे झाकलं त्याचा दोष मी तुमच्याच नावावर टाकला, आणि तोही परीक्षेचं खोटं तसंच ठेवून. तिकडे गेल्यावर खरं सांगेन, असं लिहिणार होते, पण ते मला लिहिता येत नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तरी लिहून होताच मी या फाईलला पासवर्ड लावला. आईला लॅपटॉप सुरूसुद्धा करता येत नाही.