पटावरची विसावी मुलगी

दि. २८ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, शिक्षण विभाग,
जि. पालघर.

अर्जदार : सौ. शालू धीरज सावे, उमरोळी स्टेशनच्या पलीकडे, चिकूची वाडी.

विषय : कु. मेघाली धीरज सावे हिला, ती ज्या शाळेत जात नाही त्या शाळेतून, शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे याच विषयावरील तीन अर्ज. (उत्तर नाही.)
२) आपण स्वतः दि. १६ जानेवारी २०२५ रोजी शाळेच्या शेरेबुकात लिहिलेला शेरा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदार शालूबाई या सातवी शिकलेल्या व वाडीत राबणाऱ्या गृहिणी असून कार्यालयीन भाषा त्यांना येत नाही. म्हणून हा अर्ज त्या सांगत आहेत आणि सरावलीचे रामनाथ तो लिहीत आहेत. सदर रामनाथ हे कारखान्यातून टाइमकीपर म्हणून निवृत्त झाले असून गेली पाच वर्षे दर मंगळवारी व शुक्रवारी वाडीवर येऊन मेघालीस गणित व विज्ञान शिकवतात. अर्जात कोठे शब्द तिखट पडल्यास तो रामनाथांचा समजावा, बाईंचा नव्हे.

१. मेघाली चौथीत असताना तिला वर्गात फिट आली. एका मुलाने नाकाला चप्पल लावली, दुसरा कांदा आणायला धावला आणि मुख्याध्यापक कृष्णकांत गुरुजी तिचे डोके फरशीवर आपटू नये म्हणून मांडीवर धरून बसले. दिवाळीपर्यंत असे तीनदा झाले. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि मुलीला एकटीने कोठे पाठवू नका, असे बजावले. वर्गातली मुले तिच्याजवळ बसेनात. तेव्हा शालूबाईंनी तिला घरीच शिकवायचे ठरवले. पुढे दोन वर्षे साऱ्या जगाची शाळा घरीच भरली, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगे दिसले नाही.

२. शालूबाई दाखला मागायला गेल्या त्याच दिवशी खरी चूक झाली, आणि ती त्यांची स्वतःची आहे, हे त्या कबूल करतात. गावातील निम्म्याहून अधिक मुले पिवळ्या बसने बोईसरच्या इंग्रजी शाळेत जातात. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट घसरत होता. गुरुजी म्हणाले, नाव तेवढे राहू दे, मुलगी घरी शिकू दे, आम्ही त्रास देणार नाही. शालूबाई याच शाळेत, याच गुरुजींच्या हाताखाली शिकल्या. गुरुजींनी पहिल्यांदाच काही मागितले होते. नाही कसे म्हणणार? त्यांनी मुलीचे नाव दिले, जसे शेजारणीला विरजण देतात तसे.

३. तेव्हापासून कागदोपत्री मेघाली रोज शाळेत जाते. तिने सहा वर्षे शाळेची खिचडी खाल्ली आहे. तिची उंची व वजन दरवर्षी नोंदले गेले असून ते रीतसर वाढलेले आहे. लेखनिक रामनाथ यांनी पस्तीस वर्षे कारखान्याचा हजेरीपट सांभाळला. गैरहजर माणूस हजर दाखवला तर तेथे नोकरी जात असे. येथे तसे केल्याने शाळा टिकते, हे त्यांना उतारवयात समजले.

४. प्रत्यक्षात मेघाली घरी शिकत होती. उमरोळीची दीपा ही महाविद्यालयीन मुलगी आठवड्यातून दोनदा फोनवरून इंग्रजी घेते. रामनाथ येतात तेव्हा शालूबाई चूल आवरून मुलीच्या मागे पाटावर बसतात. आधी त्या नुसत्याच ऐकत. आता वर्गसमीकरण मुलीआधी त्यांचे सुटते, आणि सुटले की त्या उठून उगाच भांडी घासू लागतात. मुलीला कमीपणा वाटू नये म्हणून. मेघालीला दोन वर्षांत एकही फिट आलेली नाही. तिची दहावीची तयारी पूर्ण झाली आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून तिला बाहेरून परीक्षेला बसायचे आहे. ही एकच गोष्ट तिने आजवर मागितली आहे.

५. सहावी ते आठवीचा पट विसाखाली गेला तर त्या वर्गांना शिक्षक मिळणार नाही, असे गुरुजी सांगतात. आज पट बरोबर वीस आहे. मेघालीने जून २०२३ मध्येच आठवीत प्रवेश केला, अर्थात कागदावर. ती उत्तीर्ण झाली असती तर पट एकोणीसवर आला असता. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये ती नापास झाली. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा झाली. दोन्ही वेळा तिने परीक्षा दिलेली नाही, त्यामुळे निकालाला हरकत घेण्यास तिला जागाही नाही.

मेघालीला हे कळले तेव्हा ती रडली नाही. ती आईला एवढेच म्हणाली, "मी नापास झाले तो पेपर मला एकदा दाखव ना. माझं काय चुकलं तरी बघू." शालूबाईंना त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही.

६. येथे आपणास नम्रपणे स्मरण करून देण्यात येते की, १६ जानेवारी रोजी आपण पटपडताळणीसाठी शाळेत आला होता. त्या एका दिवसापुरता गणवेश घालून मेघालीला वर्गात बसवले होते. आपण पाण्याच्या पिंपात किती पाणी मावेल ते विचारले आणि तिने कागद न घेता सांगितले. आपण तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शेरेबुकात लिहिले, "आठवीच्या विद्यार्थिनीची गणिताची तयारी दहावीच्या तोडीची. शाळेचे काम समाधानकारक." तीन महिन्यांनी ती मुलगी गणितात नापास झाली. आता ती घरी शिकते असे सांगितले की आपले कार्यालय तोच शेरा पुढे करते आणि म्हणते, साहेबांनी तिला वर्गात डोळ्यांनी पाहिले आहे.

७. फॉर्म भरायला गेल्यास पोर्टल म्हणते, ही नियमित विद्यार्थिनी आहे. दाखला मागितल्यास शाळा म्हणते, आठवी नापास आहे. शालूबाई गुरुजींकडे हात जोडून गेल्या. गुरुजींनीही हात जोडले. ते म्हणाले, "शालू, तुजी पोर हितं नुसती नावाला हाय. पन ता नाव काडला तर बाकीची एकोनीस पोरां कुटं जातील? त्यात तुजा प्रणव पन हाय."

साहेब, प्रणव हा मेघालीचा धाकटा भाऊ असून याच शाळेत सहावीत आहे. पुढची शाळा सहा किलोमीटरवर आहे. मुलीला सोडवायचे तर मुलाची शाळा बंद पाडावी लागते, आणि मुलाची शाळा ठेवायची तर मुलगी जन्मभर आठवीत बसते. गावातील इतर पालकांकडे या अर्जावर सही मागितली, तेव्हा कोणीही वाईट बोलले नाही आणि कोणीही सही केली नाही. अर्जदार त्यांना दोष देत नाहीत. त्यांच्या जागी असत्या तर शालूबाईंनीही केली नसती.

८. गुरुजींवर कोणतीही कारवाई होऊ नये, अशी अर्जदाराची कळकळीची विनंती आहे. त्यांनी मुलीचे डोके मांडीवर धरले होते, हे शालूबाई विसरलेल्या नाहीत. लेखनिकाचे मत वेगळे आहे, परंतु ते विचारलेले नाही.

९. फॉर्मची मुदत विलंब शुल्कासह परवा, रविवारी संपते. आज शुक्रवार आहे. उद्या व परवा आपल्या कार्यालयास सुट्टी आहे. अर्ज आवक टेबलावरून आपल्या टेबलावर यायला आठ दिवस लागतात, हे मागील तीन अर्जांवरून कळले आहे. तेव्हा यंदाचे वर्ष गेले, हे अर्जदारास माहीत आहे. मेघालीलाही माहीत आहे. तिने दहावीची पुस्तके कपाटावर ठेवली आहेत आणि काल ती आईबरोबर चिकू निवडायला बसली. तरीही अर्ज करावयाचा तो अर्जदाराला दुसरे काही करता येत नाही म्हणून.

१०. सबब विनंती की, मेघालीचे नाव पटावरून कमी करून तिला दाखला देण्यात यावा, आणि पट वीसच राहावा म्हणून रिकाम्या जागी आठवीच्या वर्गात स्वतः अर्जदारास प्रवेश देण्यात यावा. त्या सातवी उत्तीर्ण आहेत. त्यांचे वय एकेचाळीस आहे आणि नियमात हे बसत नाही, हे लेखनिकाने त्यांना तीनदा समजावले. त्यावर त्यांनी लिहून घ्यायला सांगितले की, सहा वर्षे न येणारी मुलगी नियमात बसली, त्या तर रोज येतील. गणवेश शिवून घेतील. खिचडी घरून खाऊन येतील. आणि गुरुजींनी शाळेसाठी नापास करायचे ठरवलेच, तर शालूबाईंना खुशाल करावे, त्यांची हरकत नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही) शालू धीरज सावे
अर्ज लिहून देणार : रामनाथ, सरावली.

सोबत जोडले आहे :
१) डॉक्टरांचा कागद.
२) मेघालीच्या गणिताच्या वह्या, सात.
३) शेरेबुकातील आपल्या शेऱ्याची प्रत.
४) अर्जदाराचा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला, याच शाळेचा, मूळ प्रत. इयत्ता सातवी, उत्तीर्ण, वर्गात पहिली. शाळा सोडण्याचे कारण : "घरी गरज."