धर्माची चिलीम

ठाणे, शनिवार, मार्गशीर्ष वद्य तृतीया

कोलशेतच्या मिठागरातल्या धर्माने महिन्यापूर्वी माझे तंबाखूविरुद्धचे व्याख्यान ऐकून आपली चिलीम माझ्या हाती दिली. खाडीत टाकतो म्हणालो, टाकली नाही. आज संध्याकाळी तलफ अनावर झाली आणि तीच ओढली. तोच दारात धर्मा.

"म्हैना झाला, राव. तलफ आली का तुमचा बोलना आठवतो."

तोंडाचा वास त्याला येऊ नये म्हणून मी मागे सरलो. तो झटकन पायरी उतरला. "सोवल्यात हाव का?"

हो म्हणालो. सोवळ्याविरुद्ध गावोगाव घसा फोडणारा मी, हो म्हणालो.

उद्या कोलशेतला जाऊन खरे सांगायला हवे. सांगितले तर तोही पुन्हा ओढू लागेल, ही सबब सुचायला वेळ लागला नाही. कोनाड्यातली चिलीम अजून कोमट आहे.